रुपेरी कव्हर

"घाई नाही. तुम्ही सावकाश बघा. मी लाईनवर आहे."

हा आवाज तिनं पहिल्यांदा ऐकला तेव्हा तिला टाचणी हे नाव पडलेलं नव्हतं. वेणीचं टोक चावत बसणारी कॉलेजातली एक मुलगी होती ती, आणि तिच्या मोबाईलवर निकालाचं पान काही केल्या उघडत नव्हतं. मैत्रिणींचे निकाल लागून गेले, कुणी नाचली, कुणी रडली, आणि हिच्या फोनवर आपली गोल चक्री फिरतेच आहे... फिरतेच आहे. शेवटी आईचा फोन हिसकून घेऊन तिनं कंपनीच्या मदतीच्या नंबरवर लावला. पलीकडून एक मुलगा बोलला. ऊन उतरल्यावर अंगणात पाणी शिंपडावं तसा आवाज. आधी विमानाचं चिन्ह दाबा, आता परत दाबा, फोन बंद करा, चालू करा. पान उघडलं.

नापास.

खरं तर त्याचं काम झालं होतं, पुढचा फोन त्याची वाट बघत असणार. पण तो म्हणाला, "घाई नाही. मी लाईनवर आहे." आणि खरंच राहिला. नुसता श्वास ऐकू येत होता. मग बऱ्याच वेळानं, नोकरीच ती, त्यानं विचारलं, "आणखी काही मदत हवी आहे का?"

हवी होती. थोडं बोलत राहा, काहीही बोला, तुमच्याकडे ऊन आहे की आभाळ ते सांगा... असं सगळं ओठांवर आलं होतं.

"नाही," ती म्हणाली.

आणि लाईन कट झाली.

त्यानंतर पुस्तकं सुटली आणि कात्री हाती आली. आत्याचा शिवणकामाचा कारखाना होता. दोन खोल्या, पाच मशिनं आणि भिंतीपाशी रांगेनं उभे बिनडोक्याचे पुतळे. नाटकांचे कपडे शिवायचे तिथे. राजे, चोर, पऱ्या, पोलीस, सगळे एकाच दोरीवर वाळत असायचे. ती नेहमी तोंडात टाचण्या धरून काम करायची आणि त्या काढल्या की टोचून बोलायची, म्हणून तिचं नाव टाचणी पडलं. फोनवरचा तो आवाज मात्र कुठे गेला नव्हता. अस्तरासारखा आत राहिला होता. दिसत नव्हता, पण अंगाला लागत होता.

काही वर्षांनी, एका सोमवारी वारा सुटला होता. धड पाऊस नाही, धड ऊन नाही, नुसता वारा... दुकानांच्या पाट्या खडखडत होत्या, गल्लीतली धूळ उठून भलत्याच दारात जाऊन बसत होती. टाचणी फोन मुठीत धरून मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात शिरली. फोनवर तिनं स्वतः शिवलेलं रुपेरी कव्हर होतं, झाकणाचं, चमचमतं. आत फोन मात्र मेल्यासारखा.

काउंटरच्या मागे एकजण पाठमोरा उभा राहून कुठल्याशा आजोबांना समजावत होता.

"घाई नाही, आजोबा. सावकाश बघा."

टाचणीचा हात कॉलरकडे गेला आणि तिथे खोचलेली टाचणी कचकन बोटात घुसली.

"आई गं!"

तो वळला. उंच, जरा वाकलेला, कपाळावर केस. "मॅडम, काय झालं? रक्त आलंय. जरा होल्ड करा हं..."

"होल्ड?"

काउंटरच्या टोकाला बसलेला त्याचा मोठा भाऊ हसला. "सवय आहे त्याची. मदत-केंद्रात नोकरीला होता ना. घरी जेवताना वाढायला उशीर झाला तर आमच्या आईलापण म्हणतो, होल्डवर आहे मी. होल्डसाहेब म्हणतो आम्ही त्याला."

"दादा," तो कसनुसा झाला. मग कापसाचा बोळा तिच्यापुढे करत म्हणाला, "बोला मॅडम."

तोच. आवाज तोच होता. टाचणीला एकदम वाटलं, याला आत्ताच्या आत्ता सांगावं... आणि लगेच वाटलं, काय सांगणार? दिवसाकाठी शेकड्यानं माणसं बोलत असतील याच्याशी. यातली नापास झालेली एक मी?

"मॅडम म्हणू नका," ती म्हणाली. "इंटरनेट हळू चालतंय. हळू म्हणजे गोगलगायसुद्धा मागे वळून बघेल इतकं."

त्यानं फोन अलगद कव्हरातून काढला, कव्हर नीट बाजूला ठेवलं. स्क्रीनवर बोट फिरलं. एक व्हिडिओ लागला, धावला.

"पळतंय की."

"इथे पळतंय. तिकडे रांगतं."

"डॉक्टरकडे आणलं की पोराचा ताप उतरतो, तसं."

"मग रोज आणावं लागेल पोराला."

बोलून गेल्यावर तिचे कान तापले. तोही खाली बघून हसला. "मागे किती अ‍ॅप उघडी ठेवलीयत तुम्ही! बंद करतो. हे नखं रंगवायचं... हे गाण्याचं... आणि हे 'मन शांत ठेवा'. याचा उपयोग होतो?"

"ते उघडेपर्यंतच इतका वेळ जातो की मन आपोआप शांत होतं. नाहीतर मी फोन फेकते."

"शुक्रवारपर्यंत फेकू नका. आता चालेल बघा."

"तुम्हाला शुक्रवार कुणी सांगितला?"

"तुम्हीच. मघाशी, बोटाला कापूस लावताना. 'शुक्रवारी माझं महत्त्वाचं काम आहे आणि हा मुडदा उठत नाही' असं म्हणालात."

तिला आठवेना. बोट टोचल्यानंतरचं काहीच धड आठवत नव्हतं.

शुक्रवारचं काम असं होतं : दुसऱ्या शहरात एक मोठी नाटक मंडळी होती, स्वतःचं थिएटर, स्वतःचं कपड्यांचं दालन. तिथे सहायक हवी होती. त्यांनी टाचणीच्या कामाचे फोटो पाहिले होते आणि आता शुक्रवारी दुपारी व्हिडिओ कॉलवर तिची परीक्षा घेणार होते. कॅमेऱ्यासमोर कापड अंथरायचं, खडूनं आखायचं आणि बाही कापून दाखवायची. ज्या मुलीचा एक निकाल चक्रीत अडकला होता, तिची ही दुसरी परीक्षा. तीही त्याच चक्रीच्या हातात.

कारखान्यात पोचून तिनं फोन उघडला. चक्री. खिडकीपाशी गेली. चक्री. स्टुलावर चढली.

"अगं टाचणे, पडशील!" आत्या मशीनवरून ओरडली. "आकाशाला टाका घालायचाय का?"

"रेंज बघतेय."

"दुकानात गेलीस तेव्हा होती ना? मग दुकानच उचलून आण इथे. नाहीतर दुकानदार आण."

टाचणीनं पटकन चार टाचण्या तोंडात धरल्या. तोंडात टाचण्या असल्या की उत्तर द्यावं लागत नाही.

मंगळवारी ती पुन्हा गेली. तेच फोनचं रडगाणं. पण केस मोकळे होते, ते का, हे तिनं स्वतःला विचारलं नाही. त्यानं सिम काढून पुसलं, नेटवर्कच्या सगळ्या सेटिंग पुसून नव्यानं लावल्या. फोन चालू व्हायला वेळ लागत होता आणि बाहेर वारा दुकानाच्या पाटीशी भांडत होता.

"नोकरी का सोडलीत?" तिनं विचारलं.

"मदत-केंद्राची?" त्यानं खांदे उडवले. "दिवसभर माणसांना थांबा, थांबा म्हणायचं. आणि शेवटी एक वाक्य सक्तीचं होतं. 'आणखी काही मदत हवी आहे का?' ते म्हटल्याशिवाय फोन ठेवायचा नाही."

"मग?"

"सगळे नाही म्हणतात. इतकी वर्षं विचारलं, एकदाही कुणी हो म्हटलं नाही. एखादी बाई रडत असायची, कळायचं मला... तरी 'नाही' म्हणायची. मग वाटायला लागलं, आपण प्रश्न विचारतोय की दार लोटून घेतोय?"

टाचणीच्या तोंडात आज टाचण्या नव्हत्या. तरी तिला तोंड उघडता येईना.

"झाला चालू," तो म्हणाला. व्हिडिओ सुसाट धावला. त्यानं फोन उचलून स्वतःच कव्हरात सरकवला, तिला देण्यासाठी हात पुढे केला... आणि हात तसाच राहिला. त्यानं फोन बाहेर काढला. परत आत घातला. परत काढला.

"काय हो?"

"काही नाही... शिवलंय छान. कसलं कापड आहे हे?"

"राणीच्या झग्याचं!" टाचणी खुलली. "मागच्या वर्षीच्या नाटकात राणी अंधारातून चालत यायची, तेव्हा फक्त झगा दिसायचा. माझं सगळ्यात चांगलं काम. कापडात खऱ्या धातूची तार आहे. तुकडे उरले, त्यांचं शिवलं. आत दुहेरी घातलंय, मजबूत."

"दुहेरी," तो हळूच म्हणाला.

"होल्ड," दादानं टोकावरून हाक मारली, "काय रे? सापडलं का काही?"

तो दादाकडे बघेना, तिच्याकडेही बघेना. पाटी खडखडली.

"नाही. उद्या... नाहीतर परवा पुन्हा आणा. किंवा मीच येऊन बघू का, कारखान्यात रेंज कशी आहे ते?"

गुरुवारी तो आला. पायातले जोडे दारात काढले आणि बिनडोक्याच्या पुतळ्यांमधून वाट काढत, तिचा फोन कव्हरासकट हातात धरून इकडून तिकडे फिरू लागला. एका पुतळ्याला त्याचा धक्का लागला तर म्हणाला, "सॉरी." टाचणी मागे मागे होती, तोंडात टाचण्या, हातात पऱ्यांचे पंख. आत्या मशीनवर गुणगुणत होती, तिच्या गाण्याला ना नाव ना गाव :

*सुईच्या गं मागे दोरा, दोऱ्यामागे माझं मन,*
*कापड सरलं तरी टाका घालते अजून...*

तो एकदम थांबला. टाचणीसमोर उभा राहिला. "ऐका, मला तुम्हाला एक सांगायचंय. हे जे आहे ना..."

तिनं भुवया उंचावल्या. टाचण्यांमधून "हं?" म्हणाली.

तेवढ्यात आत्या बोलली. "नीट करून दे हो बाबा तिचा फोन. उद्या परीक्षा पास झाली तर पोरगी चालली दुसऱ्या शहराला. मोठी मंडळी आहे, राहायला खोलीसुद्धा देणार आहेत."

त्याच्या चेहऱ्यावरून काहीतरी पुसल्यासारखं झालं.

"म्हणजे... जाणार?"

टाचणीनं तोंडातल्या टाचण्या एकेक करून मनगटावरच्या उशीत खोचल्या. मुद्दाम सावकाश. त्या वेळात तो काहीतरी म्हणेल असं तिला वाटत होतं.

"निवड झाली तर," ती म्हणाली.

"छान. छान आहे की." तो फोनकडे बघत होता. "इथे... खिडकीशी बरं येतंय. इथेच बसा उद्या."

"तुम्ही काहीतरी सांगत होतात."

"हेच. खिडकीशी बसा."

तो गेला. दारात एक जोडा उलटा घातला, परत काढला, परत घातला आणि गेला. टाचणीनं परीचा पंख उलट्या बाजूनं शिवला. उसवला. पुन्हा उलटाच शिवला.

"मला जायचंय ना गं, आत्या?" तिनं विचारलं.

"मला काय विचारतेस? सकाळपासून तूच दारात आणि घरात करतेयस."

शुक्रवारी वारा वेड्यासारखा सुटला होता. टाचणीनं खिडकीशी टेबल मांडलं, कापड अंथरलं, कोपऱ्यांवर कात्र्या ठेवल्या, नाहीतर उडून जायचं. कव्हराचं झाकण मागे दुमडून त्याच्या टेकूवर फोन उभा केला. कॉल आला. एका प्रौढ बाईंचा चेहरा दिसला, अर्धा. मग चौकटी चौकटी. मग चक्री.

"अहो, तुमचं चित्र थांबतंय," तुटक तुटक आवाज आला. "आम्ही थोड्या वेळानं पुन्हा लावतो. तेव्हाही नाही जमलं तर मात्र पुढच्या मुलीला..."

कट.

अगदी त्या निकालाच्या दिवशीसारखं. तिनं आत्याचा फोन उचलला आणि दुकानात लावला.

"बोला," पलीकडून आवाज आला. इतक्या वर्षांनी तो पुन्हा कानात आला होता, फोनमधून, होता तसाच.

"अडकलं," ती म्हणाली. "ते पुन्हा लावणार आहेत. काय करू? बंद करून चालू करू? विमान दाबू?"

पलीकडे नुसता श्वास.

"ऐकताय का?"

"कव्हर काढा."

"काय?"

"कव्हर काढा फोनचं. त्यात तार आहे ना धातूची, दुहेरी. ती रेंज अडवते. दुकानात मी प्रत्येक वेळी काढून बघायचो, म्हणून इथे पळायचं. काढा आणि लांब ठेवा."

तिनं फोन उपसून काढला, टाचण्यांच्या डब्याला टेकवून उभा केला. रेंजच्या रेघा एकामागून एक चढल्या. सगळ्या. राणीच्या झग्याचं ते कव्हर टेबलाच्या कडेला चमचमत पडलं होतं, तिचं सगळ्यात चांगलं काम.

"आल्या," ती म्हणाली. मग तिच्या लक्षात आलं. "तुम्हाला कधी कळलं हे?"

"मंगळवारी."

"मंगळवारी! आणि सांगितलं नाहीत?"

"सांगितलं असतं तर तुम्ही परत आला नसतात."

"आणि काल? काल तर कारखान्यात येऊन उभे होतात!"

"काल सांगायलाच आलो होतो. पण मग आत्या म्हणाल्या की... फोन नीट झाला तर तुम्ही जाणार." त्यानं दम घेतला. "रात्रभर जीव थाऱ्यावर नव्हता. सकाळपासून इथे दादाच्या नकळत चार वेळा नंबर फिरवला आणि ठेवला. चुकलंच माझं. रागवा. हवं तेवढं रागवा, पण आधी बाही कापा. ठेवतो मी."

"ठेवू नका!"

ती इतक्या जोरात ओरडली की आत्याचं मशीन थांबलं.

"रागवायचंय मला. तोवर लाईनवर राहा," ती म्हणाली, आणि आत्याचा फोन चालूच ठेवून एप्रनच्या खिशात टाकला.

कॉल आला. चेहरा अख्खा दिसला, मागचं कपाटसुद्धा. टाचणीनं खडू उचलला. खांद्याचा उतार आखला, काखेची गोलाई आखली, आणि खिशातल्या त्या शांत, ऐकत असलेल्या फोनचं ओझं तिला मांडीवर जाणवत राहिलं. कात्री कापडातून सरसरत गेली. कुठे अडली नाही, कुठे थरथरली नाही. बाई पुढे झुकून बघत होत्या. काखेत एवढी ढील कशाला, त्यांनी विचारलं. नटाला तलवार उपसायची असते, टाचणी म्हणाली, हात वर गेला की शिवण उसवते आणि प्रेक्षक हसतात. बाईही हसल्या. मग मान वळवून त्यांनी शेजारी कुणाला तरी काही विचारलं आणि पुन्हा कॅमेऱ्याकडे बघितलं.

"पुढच्या महिन्यापासून या," त्या म्हणाल्या. या वेळी चक्री फिरली नाही. निकाल लगेच लागला.

आत्यानं डोळ्यांना पदर लावला, मग तोच पदर कमरेला खोचला. टाचणीनं कव्हर उचललं आणि चपला पायात सरकवल्या.

"अगं, माझा फोन घेऊन कुठे निघालीस? तुझा टेबलावरच राहिला!"

"राहू दे."

"आता तर चांगला चालतोय तो!"

"म्हणूनच राहू दे."

बाहेर वाऱ्यानं तिचे केस डोळ्यांवर आणले. मागून आत्याचं गाणं दारापर्यंत आलं :

*वाऱ्यानं उडे पदर, किती धरू दोन्ही हाती,*
*जाणाऱ्याची गं घाई राहणाऱ्याला माहिती...*

चालता चालता तिनं खिशातला फोन कानाला लावला. "आहात?"

"आहे."

"ऐकलंत?"

"सगळं. कात्रीसुद्धा." तो खाकरला. "अभिनंदन. ढिलीचं उत्तर एकदम... म्हणजे मला कळलं नाही, पण आवडलं."

"मी रागावलेय."

"हो. रागवा ना. मी आहे."

ती गल्लीत वळली. धूळ, पाट्या, आडवं उडणारं एक वर्तमानपत्र... दुकान दिसू लागलं. तो काउंटरमागे पाठमोरा उभा होता, फोन कानाला, मान खाली. मग तो जुन्या सवयीचंच वाक्य बोलला. उंबरठ्यावर पोचलेल्या टाचणीला ते एका कानात फोनमधून आणि दुसऱ्या कानात समोरून, एकदमच ऐकू आलं.

"आणखी काही मदत हवी आहे का?"

तिनं रुपेरी कव्हर काउंटरवर आपटलं. तो दचकून वळला. फोन दोघांच्याही कानाला तसेच होते.

"हे तुमच्याकडे ठेवा," ती म्हणाली. "माझ्यापाशी असलं की तुमचा आवाज पोचत नाही."

"तुम्ही... इथे?"

"फार वर्षांपूर्वी एका मुलीचा निकाल उघडत नव्हता. तुम्ही उघडून दिलात. ती नापास झाली होती. तुम्ही लाईनवर थांबलात आणि शेवटी हेच विचारलंत. आठवतं?"

त्यानं तिच्याकडे बघितलं. खोटं बोलता आलं असतं, पण तो ओशाळून म्हणाला, "नाही आठवत. खूप जण असायचे."

"असू दे. मला आठवतं. मी 'नाही' म्हटलं होतं." टाचणीनं हात तोंडाकडे नेला. सवयीनं. पण ओठात आज एकही टाचणी नव्हती. दादा टोकावर बसून हातातला पेचकस उलटा धरून पेच फिरवत होता. वारा दाराशी थबकल्यासारखा झाला.

"परत विचार," ती म्हणाली. तिनं त्याला अरे-तुरे केलं, हे दोघांच्याही लक्षात आलं.

त्याचा आवाज अगदी हळू झाला. "आणखी... काही मदत हवी आहे का?"

"हो," टाचणी म्हणाली. "हवी आहे. मी जाणार आहे. पण जाताना मला तू हवा आहेस. इथून, तिथून, कुठूनही... बोलत राहा."